ल्युपस संशोधनासाठी गाला आणि डॉक्टरांचा सत्कार: नियोजन, हिशेब, आणि रुग्णांना सोसेल अशी संध्याकाळ

सायली_एडिसन

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. त्याच्या संशोधनासाठी गाला, म्हणजे निधी जमवायची मेजवानीची संध्याकाळ, करायचा आणि त्याच संध्याकाळी वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळणाऱ्या संधिवाततज्ज्ञांचा सत्कार करायचा, असं अमेरिकेतल्या ज्या मंडळांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा धागा. नियम राज्याराज्यांत बदलतात. मी न्यू जर्सी धरून लिहिते आहे, इतरांनी आपापल्या राज्याची भर घालावी.

हॉल बघायला निघण्याआधी एक प्रश्न सोडवा: पैसा कुणाच्या खात्यात जाणार आणि तिथून कशावर खर्च होणार? वाटा तीन आहेत. पहिली, राष्ट्रीय संस्थेला देणं. ल्युपस रिसर्च अलायन्स ही २०१६ मध्ये तीन संस्था एकत्र येऊन झालेली संस्था तिचा कारभाराचा आणि निधीसंकलनाचा खर्च संचालक मंडळाकडून भागवते, त्यामुळे देणगीदाराचा पैसा पूर्ण संशोधनाला जातो. दुसरी वाट म्हणजे डॉक्टरांच्या रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या फाउंडेशनमध्ये ठरावीक कामासाठी बांधलेला निधी. तिसरी, मंडळाकडे ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा असेल तर आधी मंडळाकडे जमा करून मग अनुदान देणं. तिसऱ्या वाटेत मंडळाच्या घटनेत आरोग्य किंवा शिक्षण हा उद्देश लिहिलेला आहे का ते पाहा. नुसतं 'सांस्कृतिक कार्य' लिहिलं असेल तर आधी वकिलाला दाखवा.

दुसऱ्या वाटेने गेलात तर फाउंडेशनशी देणगी-करार होतो. करार दीड-दोन पानांचाच असतो, पण नेमक्या चार ओळी त्यात हव्यात.

उद्देश नेमका लिहा. 'ल्युपस संशोधन' एवढंच लिहिलं तर विभागाचा जुना फ्रीजर दुरुस्त करायलाही तो पैसा जाऊ शकतो. 'ल्युपस नेफ्रायटिसच्या रुग्णांचे रक्त व लघवीचे नमुने साठवणं आणि तपासणं' असं लिहिलं की मोजता येतं (नेफ्रायटिस म्हणजे ल्युपसने मूत्रपिंडाला आलेली सूज).

फाउंडेशन देणगीतून किती टक्के स्वतःसाठी कापतं तो आकडा करारात यावा. बऱ्याच ठिकाणी अशी कपात असते आणि ती आधी कुणी विचारत नाही.

वर्षातून एकदा अहवाल: किती खर्च झाले, कशावर झाले, किती उरले.

चौथी ओळ बहुतेक जण विसरतात. डॉक्टर निवृत्त झाले किंवा दुसऱ्या संस्थेत गेले तर पैशाचं काय? निधी संस्थेचा असतो, डॉक्टरांबरोबर जात नाही. म्हणून 'त्या परिस्थितीत याच संस्थेतल्या ल्युपसवरच्या दुसऱ्या प्रकल्पाला' असं आधीच लिहून ठेवा.

कृष्णाकाठ

अनुमोदन. त्यात एक भर. डॉक्टरांच्या नावाने कायमस्वरूपी निधी उभारायचा मोह होतो, कारण नाव राहतं. पण कायम निधीतून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच खर्चायला मिळतात. १ लाख डॉलर जमले तर प्रयोगशाळेच्या हाती वर्षाला ४-५ हजार येतात. त्यात रसायनंसुद्धा धड होत नाहीत. तीच रक्कम दोन वर्षांत खर्चायची म्हणून दिली तर एका नवीन संशोधकाचा बराचसा पगार निघतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थेच्या २०२४ च्या कोष्टकात पीएचडीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या संशोधकाची वृत्ती ६१,००८ डॉलर होती, आरोग्यविमा वगैरे वेगळं.

गालाच्या पैशाचं खरं काम इथेच आहे. सरकारी मोठं अनुदान मागायला आधी प्राथमिक निष्कर्ष हातात लागतात, आणि ते निष्कर्ष काढायला सरकार सहसा पैसे देत नाही. ती फट ५० हजार डॉलर बुजवू शकतात. नाव द्यायचंच असेल तर या खर्चाच्या निधीलाही डॉक्टरांचं नाव देता येतं, संस्थेच्या धोरणात बसतं का तेवढं विचारून घ्या.

हिशेबनीस

आता आकडे. उदाहरण म्हणून २०० पाहुणे, तिकीट ३०० डॉलर धरू.

हॉटेलवाला ताटाचा भाव ९५ डॉलर सांगतो आणि पुढे दोन अधिकची चिन्हं लिहितो. त्यातलं पहिलं सेवाशुल्क, दुसरं विक्रीकर. सेवाशुल्क २२ टक्के म्हणजे २०.९० डॉलर, झाले ११५.९०. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, झाले १२३.५८. दोनशे ताटांचे २४,७१६. ध्वनी, प्रकाश, सजावट, छायाचित्रं, छपाई, विमा मिळून ११,००० धरा. तिकिटांचे ६०,००० कार्डाने आले तर २.९ टक्के आणि व्यवहारामागे ३० सेंट जातात, म्हणजे साधारण १,७७०. उरले २२,५०० च्या आसपास. ३०० च्या तिकिटातले ११२ डॉलर संशोधनाकडे पोचले. आणि हे सगळे दोनशे पैसे भरून आले असं धरून. गायक, वादक, निवेदक, डॉक्टरांचं कुटुंब, छायाचित्रकार अशी २० ताटं फुकट गेली तर ताटांचे जवळजवळ २,५०० वाढतात, किंवा त्याच दोनशेत बसवली तर २० खुर्च्या विकायच्या राहतात.

तिकिटं संध्याकाळचा खर्च भागवतात, संशोधनाचा पैसा प्रायोजक आणि पॅडल रेझ (मंचावरून रक्कम पुकारायची, देणाऱ्याने आपल्या क्रमांकाची पाटी वर करायची) यांतून येतो. म्हणून वरचे ३५-३६ हजार प्रायोजकांकडून लेखी कबूल झाल्याशिवाय तिकीटविक्री उघडू नका. तसं झालं की 'तुमच्या तिकिटाचा पैसा खर्चात जाणार नाही' असं खरेपणाने सांगता येतं आणि विक्रीही बदलते.

करारातल्या दोन गोष्टी तपासा. एक, खाण्यापिण्याची किमान रक्कम: त्यात सेवाशुल्क आणि कर धरत नाहीत, आणि ती भरली नाही तर फरक तुम्ही द्यायचा. दोन, पक्का आकडा: हॉटेल तो साधारण ७२ तास आधी मागतं आणि नंतर कमी करू देत नाही. आपल्याकडे शेवटच्या दोन दिवसांत 'आम्ही पाच जण येतोय' असे फोन येतात, आणि तितकेच गळतातही. आकडा थोडा कमी सांगा आणि हॉटेल किती टक्के जास्तीची ताटं तयार ठेवतं ते लिहून घ्या.

नीलमोहर

पावतीचं कुणी सांगेल का? तिकिटाचे पूर्ण ३०० करातून वजा होतात असं पत्रकावर छापलेलं पाहिलं आहे.

हिशेबनीस

ते चूक आहे, आणि चूक संस्थेच्या अंगावर येते. ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात काही दिलं, म्हणजे जेवण, कार्यक्रम, भेटवस्तू, तर त्याची वाजवी बाजारकिंमत लेखी कळवावीच लागते. वजावट फक्त वरच्या रकमेची. न कळवल्यास प्रत्येक देणगीमागे १० डॉलर, एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त ५,००० दंड.

इथे सर्रास होणारी गल्लत: बाजारकिंमत म्हणजे तुम्हाला पडलेला खर्च नव्हे. तसंच जेवण आणि तसाच गाण्याचा कार्यक्रम बाहेर घेतला तर माणसाला किती पडतील, ती किंमत. केटररने सगळं जेवण देणगी म्हणून दिलं तरी पाहुण्याच्या पावतीवर जेवणाची किंमत शून्य होत नाही.

२५० किंवा त्याहून जास्त देणगीला संस्थेचं लेखी पत्र लागतं, बँकेचं विवरण पुरत नाही. झेलने, म्हणजे फोनवरून थेट बँकखात्यात, पाठवणाऱ्यांची गोची इथे होते. खात्यात 'गाला' एवढीच टीप आणि कुणाचं तरी अर्धं नाव. झेल घ्यायचंच असेल तर सोबत अर्ज भरल्याशिवाय तिकीट देऊ नका.

डोनर ॲडव्हाइज्ड फंडातून (करवजावट आधीच घेऊन देणगीसाठी बाजूला ठेवलेल्या खात्यातून) तिकीट घेता येत नाही. 'जेवणाचे १२५ मी खिशातून देतो, उरलेले फंडातून' हेही आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, मान्य करत नाही. अशा देणगीदाराला तिकीट स्वतःच्या पैशांनी घ्यायला सांगा आणि फंडातून वेगळी, बदल्यात काहीही न घेता, देणगी द्यायला सांगा. आयआरए या निवृत्ती-बचत खात्यातून थेट देणाऱ्या ज्येष्ठांनाही हेच लागू. कंपनीची जुळवणी (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनीने घातलेली रक्कम) बहुधा वजावटीस पात्र भागावरच मिळते, तीसुद्धा कर्मचाऱ्याने अर्ज केला तरच. टेबलावर क्यूआर कोडची पट्टी ठेवा.

प्रायोजकाचं बोधचिन्ह, नाव, पत्ता दाखवणं चालतं. 'सगळ्यात स्वस्त गृहकर्ज यांच्याकडेच' अशी ओळ पडद्यावर आली की ती जाहिरात होते आणि त्या पैशावर संस्थेला कर लागू शकतो. स्लाइड बनवणाऱ्या मुलांना हे आधी सांगा.

वसुधा_क

लॉटरी, म्हणजे रॅफल, ठेवणार असाल तर: न्यू जर्सीत त्यासाठी राज्याच्या आयोगाकडे नोंदणी आणि मग नगरपालिकेचा परवाना, दोन्ही लागतं. अर्धे विजेत्याला आणि अर्धे संस्थेला असल्या फिफ्टी-फिफ्टीलाही. निदान दोन-तीन महिने आधी सुरू करा. कॅलिफोर्नियात एकूण जमेच्या ९० टक्के धर्मादाय कामालाच जायला हवे, त्यामुळे नेहमीच्या संस्थांना फिफ्टी-फिफ्टी तिथे करताच येत नाही. रॅफलच्या तिकिटाला करसवलत कुठेच नाही.

शुश्रूषा

एवढं सगळं हिशेबाचं झालं, आता ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांच्याबद्दल लिहिते. ल्युपसच्या गालात दहा-वीस रुग्ण तरी बसलेले असतात आणि लग्नाच्या हॉलची नेहमीची पद्धत त्यांना बाधते.

थंडी. कोट घातलेल्यांना आणि नाचणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून हॉल ६६-६८ फॅरनहाइटवर ठेवतात. ल्युपसच्या बऱ्याच जणांना रेनॉड असतं: गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर होतात आणि ऊब आल्यावर लाल होऊन ठणकतात. बर्फाचा ग्लास हातात दिला तरी सुरू होऊ शकतं. हॉटेलच्या कार्यक्रम-आदेशपत्रात, ज्याला ते बीईओ म्हणतात, '७२ अंश' असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या दिवशीच्या पाळीतल्या माणसापर्यंत पोचत नाही. एसीच्या झोताखाली येणारी टेबलं आदल्या दिवशी हात वर करून तपासा आणि तिथे रुग्णांना बसवू नका. नोंदणीपाशी घडी करून १५-२० शाली ठेवा. गरम पाणी पहिल्यापासून हवं, कॉफीच्या वेळेपासून नको.

प्रकाश. ल्युपसचा रंग जांभळा, म्हणून डीजे हौसेने ब्लॅक लाइट सुचवतात. पांढरे कपडे चमकतात, दिसायला छान दिसतं. पण तो अतिनील प्रकाशच आहे, आणि ल्युपसमध्ये अतिनील किरणांनी चेहऱ्यावरचा चट्टाच उठतो असं नाही, आजारही उसळू शकतो. करारात स्पष्ट लिहा: ब्लॅक लाइट नको. जांभळा रंग साध्या एलईडीने येतो, त्यातून अतिनील जवळपास निघत नाही. रंगमंचावर काचेच्या गाळणीशिवायचे जुने हॅलोजन किंवा मेटल हॅलाइड दिवे नकोत. कॉकटेलचा तास हिरवळीवर ठेवायची पद्धत आहे. जून महिन्यात इथे साडेसातलासुद्धा ऊन असतं. आत ठेवा.

बसणं. ६० इंची गोल टेबलाला आठ माणसं सुखाने बसतात, हॉटेलवाले दहा बसवतात. सांधे धरलेल्या माणसाला त्या दाटीत उठता-बसता येत नाही. रुग्ण असलेल्या टेबलांना आठच खुर्च्या लावा किंवा ७२ इंची टेबल मागा. जागा दरवाज्याजवळ आणि स्वच्छतागृहाच्या बाजूला, स्पीकरपासून लांब. थकवा हे या आजाराचं न दिसणारं लक्षण आहे, त्यामुळे शेजारची एक छोटी खोली कोच आणि मंद दिव्यासह राखून ठेवा आणि ती कुठे आहे ते निमंत्रणातच लिहा. 'बरं वाटत नाही का?' असं चारचौघांत विचारावं लागू नये.

संसर्ग. बरेच रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतात. बुफेच्या एकाच चमच्याला दोनशे हात लागण्यापेक्षा ताट टेबलावर आलेलं बरं. निमंत्रणात एक ओळ: सर्दी-ताप असेल तर घरूनच सहभागी व्हा, तिकिटाचा पैसा देणगी म्हणून धरू. थेट प्रक्षेपणाचा दुवा त्यासाठी हवाच.

कोरडेपणा. श्योग्रेन हा डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार सोबत असेल तर तोंड कोरडं पडतं, पाण्याशिवाय घास उतरत नाही. प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग ठेवा, वाढप्याची वाट बघायला लावू नका.

मंजिरी_पर्सिपनी

शुश्रूषाताई, जेवणाचंही सांगा ना. मोड आलेलं ल्युपसला चालत नाही असं वाचलं. मग मटकीची उसळ काढून टाकायची?

शुश्रूषा

मंजिरी, उसळ ठेवा. तो इशारा अल्फाल्फा या द्विदल चारापिकाच्या मोडांबद्दल आहे. त्यात एल-कॅनाव्हनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने ल्युपस भडकल्याच्या नोंदी आहेत. इथल्या सॅलडमध्ये आणि सँडविचमध्ये ते मोड वरून पेरतात, म्हणून केटररला नाव घेऊन सांगायचं. मटकी, मूग पूर्ण शिजवलेले असले की झालं. कच्चे मोड मात्र कुठलेच नकोत, तो प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे.

दुसरं, ग्रेपफ्रूट. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, व्होक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांच्या रक्तात त्याने औषधाची पातळी चढते. आपलं पपनस त्याच कुळातलं, तेही टाळायचं. स्वागताच्या गुलाबी पेयात बारवाले ग्रेपफ्रूटचा रस घालतात आणि फलकावर फक्त 'सिट्रस' लिहितात. घटक लिहून मागा. मेथोट्रेक्सेटवाल्यांना दारू जपून किंवा वर्ज्य असते, तेव्हा बिनदारूचं पेय त्याच ट्रेमध्ये, तसल्याच ग्लासात येऊ द्या.

तिसरं, मीठ. ल्युपसच्या मोठ्या माणसांपैकी सुमारे ४० टक्क्यांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा त्रास होतो, आणि स्टेरॉइडने रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढतात. लोणचं, पापड, चटणी ताटात न वाढता वाटीत वेगळी ठेवा. मसालेभातात मीठ बेताचं. गोडात श्रीखंड आणि पुरणपोळी दोन्ही ठेवण्यापेक्षा एक गोड आणि कापलेली फळं ठेवा.

आणि जेवण वेळेवर. संध्याकाळच्या काही गोळ्या पोटात अन्न असताना घ्यायच्या असतात. साडेनऊला पहिला घास हे त्यांना जमत नाही.

पंगत

केटररच्या बाजूने एवढंच: ताट वाढून देणार असाल तर पुरी-वडे ठरवू नका. दोनशे ताटं भरून दारातून बाहेर पडेपर्यंत २० ते २५ मिनिटं जातात, पुरी चिवट होते आणि कोथिंबीर वडीचा कुरकुरीतपणा जातो. वडी स्वागताच्या वेळी फिरवा, ताटात फुलका किंवा घडीची पोळी. बाहेरचा केटरर आणला तर बहुतेक हॉटेलं माणशी वेगळं शुल्क घेतात, ते हिशेबनीसांच्या ९५ मध्ये नाही. समई लावायची असेल तर उघड्या ज्योतीला हॉटेलची लेखी परवानगी लागते.

डॉ_खिडकी

सत्काराबद्दल लिहितो, कारण इथे सद्भावनेतच चुका होतात.

डॉक्टरांकडे रुग्णांची यादी मागू नका. हिपा या रुग्णमाहितीच्या गुप्ततेच्या कायद्याने ती ते देऊ शकत नाहीत, आणि मागितली की त्यांना नकार द्यावा लागतो, नातं अवघडतं. रुग्णालयाच्या फाउंडेशनला रुग्णांशी संपर्क करायचा मर्यादित हक्क आहे, तोही 'नको' म्हणायची सोय देऊन. निमंत्रणं त्यांच्यामार्फत जाऊ द्या. डॉक्टरांनी स्वतः आपल्या रुग्णाला देणगी मागणं, त्यातही तपासणीच्या वेळी, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत बसत नाही. तपासणीच्या खोलीत पत्रक लावणंसुद्धा टाळा. ज्याच्या हातात आपली प्रकृती आहे त्याला रुग्ण 'नाही' कसं म्हणणार?

रुग्ण ध्वनिचित्रफितीत बोलणार असेल तर लेखी संमती, आणि ती नंतर मागे घेता येते हे तिला आधी सांगा. फीत समाजमाध्यमांवर जाणार का, हा प्रश्न संमतीपत्रात वेगळा विचारा. लग्नाच्या वयाच्या मुलीला तिचा आजार शंभर ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरलेला नको असतो.

औषध कंपन्या प्रायोजक झाल्या तर त्यांच्या टेबलावर बसणाऱ्या डॉक्टरांच्या जेवणाची किंमत सरकारच्या ओपन पेमेंट्स यादीत त्यांच्या नावावर येऊ शकते. सत्कारमूर्तींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मंडळाच्या टेबलावर बसवा. त्यांच्याच प्रयोगशाळेला पैसा जाणार असेल तर तो कशाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत ते नसावेत. सत्काराची वस्तू साधी ठेवा, सोन्याचं नाणं नको. शाल, श्रीफळ आणि मानपत्र पुरेसं आहे, आणि अमेरिकन डॉक्टर असतील तर नारळ कशाचा मान आहे ते निवेदकाने एका वाक्यात सांगावं.

मानपत्रात विशेषणं कमी आणि काम जास्त घाला. किती वर्षं दवाखाना चालवला, गरोदर ल्युपस रुग्णांसाठी प्रसूतितज्ज्ञांबरोबर एकत्र तपासणी सुरू केली का, विमा नसलेल्यांसाठी काय केलं, किती तरुण डॉक्टर तयार केले. डॉक्टरांच्या सहकारी परिचारिकेला विचारा, तिला हे सगळं माहीत असतं.

सायली_एडिसन

संध्याकाळचा क्रम आणि पॅडल रेझ यावर कुणी सविस्तर लिहा, तिथेच रक्कम ठरते.

टाळघर

लिहितो. आधी क्रम, मग कारणं.

५:३० नोंदणी, वड्या आणि पेयं, सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहायचा लिलाव) सुरू. ६:३० ला सगळे बसलेले. ६:४५ स्वागत आणि दीपप्रज्वलन, पाच मिनिटं. ६:५५ जेवण. ७:४० ताटं उचललेली, तीन मिनिटांची फीत, मग एका रुग्णाचं चार मिनिटांचं मनोगत. ७:५० मानपत्र, सत्कार, डॉक्टरांचं सहा मिनिटांचं भाषण. ८:०० पॅडल रेझ. ८:१५ गोड आणि गाणी.

पॅडल रेझ शेवटी ठेवला की बुडतो. नऊनंतर मुलांना सांभाळणारीची वेळ संपते, पुढची टेबलं रिकामी होतात आणि उरलेल्यांचा हात वर जात नाही. डॉक्टर खाली उतरले की लगेच मागणी, मध्ये आभार नकोत. मागणारा माणूस वेगळा हवा. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी स्वतः पैसे मागू नयेत.

त्या १५ मिनिटांत वाढपी हॉलमध्ये नकोत. बशांचा आवाज आणि टेबलांमधली ये-जा यात पाटी दिसत नाही. हेही बीईओमध्ये लिहायचं: '८:०० ते ८:१५ वाढप बंद, बार बंद.' हॉलचे दिवे वाढवा. फीत बघताना अंधार केलेला असतो आणि तसाच राहतो, मग मागच्या टेबलांचे आकडे वाचताच येत नाहीत. आकडे तीन इंच उंच, काळ्यावर पांढरे नव्हे तर पांढऱ्यावर काळे. एका घराला एकच पाटी, नाहीतर नवरा-बायको दोघंही वर करतात आणि दुसऱ्या दिवशी वाद होतो.

मागणी वरून खाली येते. २०० पाहुण्यांना समजा: १०,००० ला एक, ५,००० ला दोन, २,५०० ला तीन, १,००० ला आठ, ५०० ला पंधरा, २५० ला वीस, १०० ला वीस. बेरीज ५०,०००, आणि पाट्या फक्त ६९. वरच्या दोन पायऱ्यांची माणसं आधीच घरी जाऊन ठरवलेली असली पाहिजेत. १०,००० ला हॉल शांत राहिला तर पुढच्या प्रत्येक पायरीला कचरायला होतं. प्रत्येक पायरीला पैशाचं काम सांगा, पण कराराशी जुळणारंच: '१,००० मध्ये इतक्या नमुन्यांची तपासणी' हा आकडा प्रयोगशाळेकडून लेखी घ्या, अंदाजाने बोलू नका. १०० च्या पायरीवर घाई करू नका. विद्यार्थी आणि आजी-आजोबा तिथेच हात वर करतात.

नोंद घेणारे दोन, हॉलच्या दोन बाजूंना, एकमेकांशी न बोलता. तिसरा माणूस हॉलचे फोटो घेतो, प्रत्येक पायरीला एक. तिन्ही याद्या त्याच रात्री जुळवायच्या.

सायलेंट ऑक्शनबद्दल थोडक्यात: बोली बाजारभावाच्या ४०-५० टक्क्यांपासून, वाढ १० टक्क्यांनी, आणि जेवणाआधीच बंद. पैठणी असेल तर दुकानाचं बिल लावा, कारण प्रत्येक वस्तूचा बाजारभाव आधी छापलेला असला तरच घेणाऱ्याला वरच्या रकमेची वजावट मागता येते. सही केलेल्या बॅटीला खरेपणाचं प्रमाणपत्र नसेल तर ठेवूच नका. कुणी आपल्या सुट्टीच्या घराचा आठवडा दिला तर वस्तू म्हणून उत्तम, पण देणाऱ्याला त्याची करवजावट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा.

रेवा_बोस्टन

फितीत विज्ञान किती घालावं?

डॉ_खिडकी

चार तारखा पुरतात. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांना अस्थिमज्जेत एलई पेशी दिसली आणि निदानाला पहिला धागा मिळाला. १९५५ मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला मान्यता मिळाली, ते आजही बहुतेकांच्या रोजच्या डबीत आहे. त्यानंतर ल्युपससाठी खास म्हणून मान्यता मिळालेलं नवं औषध, बेलिमुमॅब, आलं २०११ ला. मधली ५६ वर्षं पडद्यावर नुसती मोजून दाखवा, वेगळं आवाहन करावं लागत नाही. मग २०२१ मध्ये व्होक्लोस्पोरिन आणि ॲनिफ्रोलुमॅब, एकाच वर्षात दोन.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या कार-टी उपचाराबद्दल (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात) लोक विचारतील. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १५ रुग्णांत ८ ल्युपसचे होते आणि ते आठही औषधाशिवाय शांत राहिले. आकडा सांगा, आठ हा आकडा किती लहान आहे तेही सांगा, आणि 'ल्युपस बरा होतो' असं मंचावरून कुणीही म्हणू नये. समोर बसलेली मुलगी घरी जाऊन गोळ्या बंद करू शकते.

अमेरिकेत काळ्या, हिस्पॅनिक, आशियाई आणि मूळ अमेरिकन स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो आणि जास्त तीव्र असतो. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया. आपल्या समाजाने चाचण्यांमध्ये नाव नोंदवणं ही पैशाइतकीच मोठी देणगी आहे. नोंदणीच्या टेबलाशेजारी रुग्णालयाच्या संशोधन-समन्वयकाला बसायला जागा द्या.

कोकणकडा

जमलेल्यातला काही भाग पुण्या-मुंबईच्या संस्थेला पाठवता येईल का?

हिशेबनीस

येईल, पण तिकडच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी चालू असेल तरच, आणि पैसा तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हायला हवा. नोंदणी असलेल्या एका संस्थेला पाठवून तिने दुसरीला द्यायचे, ही जुनी वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरत नाहीत. अमेरिकन नागरिकाची, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीयच.

इकडच्या बाजूने: मंडळाने 'हे पैसे थेट अमुक भारतीय संस्थेचे' असं जाहीर करून गोळा केले तर देणगीदाराची वजावट अडचणीत येते. पैसा कुठे द्यायचा याचा अंतिम निर्णय अमेरिकन संस्थेचाच हवा आणि इतिवृत्तात तो नोंदलेला हवा. पहिल्या वर्षी दोन्ही टोकं धरू नका, एकच निधी नीट करा.

नीलमोहर

आणि कार्यक्रमानंतर? पॅडल वर करून पैसे न देणारे असतात.

टाळघर

बहुतेकदा देणारा चुकत नाही, आपण उशीर करतो. नोंदणीच्या वेळीच कार्ड नोंदवून घ्या आणि अर्जावर 'पाटी वर केल्यास ही रक्कम या कार्डावर' अशी सही घ्या. ४८ तासांत प्रत्येकाला मेल: पाटी क्रमांक, रक्कम, पावती सोबत. यादीत घोळ असेल तर तिथेच कळतो. तीन आठवड्यांत डॉक्टरांच्या हाताने सही केलेलं पत्र, टंकलेलं चालेल पण सही खरी. सहा महिन्यांनी प्रयोगशाळेकडून एक पान, साध्या भाषेत, फोटोसह. ते पान कोण लिहिणार त्याचं नाव देणगी-करारावर सही होते त्याच दिवशी मागून घ्या.

शुश्रूषा

शालींचं एक राहिलं. लोकरीच्या नकोत, चट्टे आलेल्या त्वचेला बोचतात. सुती किंवा फ्लीसच्या आणा, आणि बिनवासाच्या साबणात एकदा धुऊन.

सायली_एडिसन

शुश्रूषाताई, शालींची ओळ आणि ७२ अंश, दोन्ही यादीत वर घेते. मंजिरी, केटररला पाठवायचा कागद तुम्ही लिहाल का? अल्फाल्फा, ग्रेपफ्रूट, पपनस, मीठ वेगळं आणि पहिलं ताट ६:५५ ला, एवढंच मोठ्या अक्षरांत.

मंजिरी_पर्सिपनी

लिहिते. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करते, स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवता येईल असा.